दहापैकी चार

॥ श्री ॥
मानवत, ता. ३ जानेवारी १९८८

चि. कु. उमादेवी हिस मामा शिवरुद्र याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून सोबत परत पाठवतोय. दहापैकी साडेसहा. त्यातला अर्धा गुण अक्षराचा आहे आणि अक्षर तू अक्काकडून उचललं आहेस, तेव्हा फुगू नकोस.

तू विचारतेस की भाषा शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं. बाई, हा प्रश्न बी.एड.ला बसण्याआधी विचारायचा असतो. आमच्या तुकडीत मराठी-संस्कृत घेतलेले आम्ही नऊजण होतो. दिनकरराव पूर्णा जंक्शनला गाड्या पुकारतो. उच्चार इतके स्वच्छ की गाडी चार तास लेट आहे हे ऐकूनसुद्धा माणसाला बरं वाटतं. माणिकरावाने लग्नपत्रिकांचा छापखाना काढला. आमच्यात तो एकटाच असा, की ज्याचं लेखन लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, कारण जेवणाची वेळ तिथे असते. भुजंग विमा विकतो. मरणावर इतकं सुंदर बोलतो की ऐकणारा फॉर्म भरतो. बाकीचे शाळांत आहेत, म्हणजे कुठेच नाहीत. आणि मी! माझ्या संस्कृतच्या वर्गात सात मुलं आहेत. चौघं मार्क पडतात म्हणून, दोघं पंखा आहे म्हणून, आणि सातव्याला अजून कळलेलं नाही की हा वर्ग संस्कृतचा आहे.

तेव्हा तू ताडकळसला बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवतेस, ही आमच्या परंपरेत बढतीच समज. तुझ्या पदवीवरच्या विद्यापीठाच्या नावावरून दहा वर्षं भांडण चाललंय. नाव जे ठरायचं ते ठरो, पण ती पदवी हातात घेऊन कोणी तीस बायकांना ग म भ न शिकवत असेल तर मला त्याचं कौतुक आहे. दाजींना मात्र नाही, हे कळलं. मार्चअखेर पर्यवेक्षिकेची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दुकानाचा गल्ला सांभाळ आणि स्थळं बघू दे, असं म्हणतात म्हणे. दाजींचा आवाज मोठा आहे, पण मुदत पाळणारा माणूस आहे. मार्चपर्यंत तू निर्धास्त राहा.

तुला तीन दिवस परभणीला प्रशिक्षणाला जायचंय, तेव्हा वर्ग कोणी घ्यायचा अशी काळजी लिहिलीस. मी घेतो. आमच्याकडे तेव्हा स्नेहसंमेलन आहे आणि त्यात संस्कृतची कुणाला गरज नाही.

अक्कास नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या वर्गासारखा आटू नये, एवढंच.
तुझा
शिवरुद्रमामा


ताडकळस, ता. ९ जानेवारी १९८८

ती. स्व. मामांना उमाचा शि. सा. न. वि. वि.

साडेसहा गुण पावले. आई म्हणते, तिच्या भावाने तिच्या लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा पाचच दिले होते.

तुम्ही येताय हे वाचून जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. म्हणून आधीच सांगते. वर्ग दुपारी दोनला, शाळेच्या व्हरांड्यात. मठात घ्यायला तुम्ही मागे एकदा सुचवलं होतं, पण तिथे वस्तीवरच्या बायका येणार नाहीत. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून गावात जे झालं, त्यानंतर इथे दोन्हीकडच्या बायका एका सतरंजीवर बसल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी मनकर्णाबाई, आपल्या किशनराव माळकरींच्या घरच्या, उठून वस्तीवरच्या सुलाबाईंजवळ जाऊन बसल्या, तेव्हा कुठे वर्ग सुरू झाला. त्या आहेत म्हणून बाकीच्या आहेत. सव्वीस फेब्रुवारीला जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. तीसच्या तीस हजर दिसल्या तरच माझं नाव पुढे जाईल.

तुम्ही काही शिकवू नका. नुसतं बसा, त्या लिहितील. सध्या पहिली चिठ्ठी लिहायलात. आणि मामा, लाल पेन मानवतलाच ठेवून या.

मामींना नमस्कार. लोभ करावा, पण बेताने.
आपली
उमा


मानवत, ता. १९ जानेवारी १९८८

चि. कु. उमादेवी हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कालच्या शेवटच्या गाडीने परतलो. तू परभणीहून पोचायच्या आत निघावं लागलं, तेव्हा अहवाल पत्रानेच देतो. तीन दिवस असे गेले की वाटलं, मी तीस वर्षं चुकीच्या वयाच्या लोकांना शिकवत होतो.

पहिल्या दिवशी वर्णांची उच्चारस्थानं घेतली. कंठ, तालू, मूर्धा. मूर्धा कुठे असते हे दाखवायला मी तोंड उघडलं, तर सुलाबाई जवळ येऊन आत बघत्या झाल्या आणि म्हणाल्या की मास्तर, मूर्धा का काय ती दिसना, पर मागली दाढ लय किडलीय. वर्ग हसला. असा प्रतिसाद मला सत्तावन्न सालापासून मिळाला नव्हता.

दुसरा दिवस संधीवर गेला. बहुतेकींनी त्या वेळात शेंगा निवडल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र मी कृतार्थ झालो. तुझ्या मनकर्णाबाईंनी पूर्ण पानभर चिठ्ठी लिहून माझ्यापुढे धरली. त्यांचा मुलगा चंद्रभान पूर्णेला रेल्वेत आहे, दिवाळीपासून घरी आलेला नाही, त्याला लिहिलेली. लाल पेनाबद्दल तू थट्टा केली होतीस, पण सुदैवाने तो खिशातच होता. उमा, मी तो कागद तासभर तपासला. एकूण तेवीस चुका. म्हैस व्याली त्या परिच्छेदापुढे ‘विषयांतर’ अशी टीप दिली. ‘येऊन जा’ हे एकाच पानात तीनदा आलं होतं. त्यातली दोन खोडून समासात ‘पुनरुक्ती टाळा’ असं लिहिलं. दहापैकी चार दिले, खाली ‘पुन्हा लिहून दाखवा’ असा शेरा आणि सही. इतक्या जिवाने मी कुणाचा कागद तपासल्याचं आठवत नाही.

बाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि गेल्या. भारावल्या असाव्यात.

साहेब आले की माझं नाव सांगायची गरज नाही. फार आग्रह केला तर सांग.
तुझा
शिवरुद्रमामा


ताडकळस, ता. ३० जानेवारी १९८८

ती. मामांना नमस्कार.

मनकर्णाबाई त्या दिवसापासून वर्गाला आलेल्या नाहीत. त्यांच्यामागे दहाजणींनी येणं सोडलं. सतरंजीवर एकोणीस उरल्यात, आणि त्याही पुन्हा दोन टोकांना बसायलात.

मी तीनदा घरी जाऊन आले. त्यांनी चहा दिला, म्हशीचं वासरू दाखवलं, पण वर्गाचं नाव काढू दिलं नाही. शेवटी काल बोलल्या. म्हणाल्या की पोरी, मला वाटलं मी लेकाला चिठ्ठी लिवायलेय, तर तो पेपर निघाला. आमी या उमरीत नापास व्हायला कशाला यावं? आन तीनदा बोलावलं ते काय मला मोजता येत न्हाई म्हणून? एकदा बोलावल्यावर येणारं लेकरू असतं तर चिठ्ठी कशाला लागली असती.

मामा, तुम्ही तपासलेली ती चिठ्ठी चुलीवरच्या फळीवर आहे, लाल बाजू आत करून. त्यांनी ती चंद्रभानला पाठवली नाही.

अप्पांना सगळं कळलंय. त्यांनी दुकानातली दुसरी गादी झटकून ठेवली.

हे पत्र तपासायचं असेल तर तपासा.
उमा


मानवत, ता. ८ फेब्रुवारी १९८८

चि. उमा, आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. परत पाठवत नाही. सवयीने चुका शोधल्या. सापडल्या त्या सगळ्या माझ्या होत्या.

पाठशाळेत गुरुजींनी आमचं लेखन रक्तबंबाळ केलं, की आम्हाला वाटायचं त्यांचं आपल्यावर लक्ष आहे. मार खाऊन त्यालाच माया समजणारी आमची जात. ती माया मी आयुष्यभर वाटत आलो. पण पुढच्या माणसाला ती दिसते कशी, हे विचारायचं राहूनच गेलं. संस्कृतमध्ये यावर एक सुभाषित असणार. यावेळी ते मला आठवलं नाही, हीच त्यातल्या त्यात प्रगती.

तुला न सांगता बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला येऊन गेलो. मनकर्णाबाई वांगी घेऊन बसल्या होत्या. माफी मागायची म्हणून समोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, की किलोभर द्या. त्यांनी तोलून दिली आणि वर एक वांगं जास्तीचं टाकलं. मी पुन्हा धीर केला; पुन्हा किलोभर मागितली. पाचव्या किलोला त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या की मास्तर, आमी तोलून झाल्यावर वरून एक टाकतो, तुमी तर माजं होतं त्यातलंच दोन काढून घेतलं. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याने मला कोपराने बाजूला सारलं. पाच किलो वांगी घेऊन मी एस.टी.त बसलो.

तुझ्या मामीने चार दिवस वांगीच केली. विचारलं काही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दाढ काढून टाकली. सुलाबाईंचं निदान बरोबर होतं. त्या तीन दिवसांत व्हरांड्यात ज्ञान असलेलं माणूस कोण होतं, हे तूच ठरव.

दाजींशी मी बोलू का? तुझी जागा गेली तर ती माझ्या सहीने गेली, हे त्यांना कळायला हवं. माझ्यावर लोभ ठेव असं लिहायचा धीर होत नाही. राग तरी पातळ होऊ दे.
शिवरुद्रमामा


ताडकळस, ता. १२ फेब्रुवारी १९८८

ती. स्व. मामांना शि. सा. न. वि. वि.

वांग्यांची गोष्ट वाचून आई डोळ्याला पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले, पण राग अजून आहे, गैरसमज नको.

अप्पांशी बोलू नका. मनकर्णाबाईंशी बोलायचंय, आणि तेही तोंडाने नाही. मी तुमच्या वतीने माफी मागायला गेले, तर म्हणाल्या की तोंडी माफी ऐकायला मी काय आजवर कमी ऐकलंय? आता मला वाचता येतंय. मास्तरला म्हणावं, लिहून दे.

तर लिहा. मोठं अक्षर काढा, सोपं लिहा. तुमचे नेहमीचे शब्द घालू नका. सव्वीस तारखेला चौदा दिवस राहिलेत.
आपली
उमा


॥ श्री ॥
मानवत, ता. १५ फेब्रुवारी १९८८

सौ. मनकर्णाबाई यांसी शिवरुद्र मास्तर याचा सा. न. वि. वि.

आपल्या पुत्रास लिहिलेले पत्र मी अनवधानाने परीक्षेची उत्तरपत्रिका समजून तपासले. ते माझ्या अधिकारकक्षेत नव्हते. त्यातील आशय निर्दोष होता. दोष वाचकाच्या दृष्टीचा होता. आपण वर्गात पुनश्च पदार्पण करावे, अशी नम्र प्रार्थना आहे. उमादेवीचा यात काही अपराध नाही.

या पत्राचे मी चार कच्चे खर्डे केले. त्यांत हाच सर्वांत सुबोध आहे.

क्षमस्व.

आपला नम्र
शिवरुद्र


ताडकळस, ता. २८ फेब्रुवारी

शिवरुद्र मास्तरला मनकर्णा किशनरावचा रामराम.

मी खुशाल हाय. तुमची तबियत कशी हाय? दाढ काढली ती जागा दुखती का? मिठाच्या पान्यानं चूळ भरा. तुमच्या घरच्या बाईला वांगी आवडली का?

तुमची चिठ्ठी वाचाया मला चार दिस लागले. आशय, कक्षा, खर्डे. कोनाला काय ठावं. मंग चिठ्ठी घेऊन सुलाबाईकडं गेले. तिलाबी येईना. मंग दोगी मिळून उमाबाईच्या वर्गात गेलो. मास्तरनं काय लिवलंय बगाया सगळ्या आल्या. दाटीवाटीनं बसलो, कोन कुटली ते कुनी बगितलं न्हाई. एक एक शबुद फोडला. पदार्पण म्हंजे पाय ठिवनं. मी म्हणलं मंग पाय ठिवा म्हणायचं की. लय हसलो. असं चार दिस चाललं, तवर साहेब आला. त्यानं मोजल्या. तीस भरल्या. साहेब म्हणला ह्या बाया काय वाचायल्यात एवढं? आमी चिठ्ठी दाखवली. त्यालाबी एक शबुद आला न्हाई.

साहेबानं वहीत उमाबाईचं नाव लिवलं. मी उलट्या बाजूनं वाचलं. बरोबर लिवलं हुतं. नावाम्होरं पर्यवेक्षिका. लय अवघड शबुद हाय पर आता मला येतो. उमाबाईच्या बापानं, चन्नप्पा शेटनं, दुकानात सगळ्यायला गूळ वाटला.

माजी पयली चिठ्ठी मी दुसऱ्या कागदावर उतरून चंद्रभानला धाडली. म्हैस ठिवली. येऊन जा तीनदा लिवलं. तो काल आला. म्हणला, पयल्याला वाटलं बगू, दुसऱ्याला वाटलं पुडल्या म्हैन्यात जाऊ, तिसरं वाचलं आन गाडीत बसलो.

आता तुमची चिठ्ठी. उमाबाईकडून लाल पेन मागून घेतला. ती देत नव्हती. अक्षर चांगलं हाय. पर एवढं लिवून माजी खुशाली इचारली न्हाई. माज्या लेकाची न्हाई, म्हशीची न्हाई. आन माफी एकदाच मागितली, तीबी शेवटाला, तीबी मला कळाया चार दिस लागले.

दहापैकी चार.

पुना लिहून दाखवा. माफी तीनदा लिवा. एकबी खोडू नका.

मनकर्णा