पाचव्या दिवसाचा धागा

प्रिय मुंगे,

हे मोठ्याने वाचू नकोस. चेहरा सरळ ठेव, आणि शेजारच्या खाटेवरून कंडक्टरबाईंनी विचारलंच तर सांग, दादाचं पत्र आहे, नेहमीची रड आहे. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलोय, तुझ्यापासून वीस पावलांवर. पण बायकांच्या वॉर्डात चारच्या आधी पुरुषाला पाऊल टाकू देत नाहीत, म्हणून सफाईच्या मावशींच्या हाती हे पाठवतोय. सगळ्यात आधी एक सांगतो, म्हणजे तुझ्या पोटात गोळा यायला नको: तुझे टाके पक्के आहेत. तुला घातलेल्या धाग्याची मला खात्री आहे. भीती आहे ती दुसऱ्या धाग्याची, आणि तो कुणाच्या पोटात आहे हे तोंडातून काढायला मला पाच दिवस लागले.

मी भित्रा, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? अंगणाच्या टोकाच्या संडासात दिवेलागणीनंतर जायचं तर मी, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तुला बाहेर पहाऱ्यावर उभं करायचो. तू गाणं म्हणत राहायचीस, म्हणजे तू आहेस हे मला कळावं. आणि कारटे, मधेच मुद्दाम थांबायचीस. मी आतून तुझ्या नावाने बोंब ठोकायचो, आणि तू हसत घरात पळायचीस. पुढे नोकरीसुद्धा मी अशी धरली की जिथे भित्र्या माणसाचं कौतुक होतं.

तू नेहमी म्हणायचीस, प्लास्टिक कधी विरघळतं का, दादा, थापा मारू नकोस. तर आता नीट वाच, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमचा धागा प्लास्टिकचाच भाऊबंद. कारखान्यात शिजवून, ओढून, केसाहून बारीक तारा एकत्र विणून केलेला. शरीरातलं पाणी लागलं की तो हळूहळू आतून तुटत जातो. जखम धरेपर्यंत दोन-तीन आठवडे तग धरतो आणि मग नाहीसा होतो. म्हणून पाकीटबंद होईपर्यंत त्याला हवेतली ओलसुद्धा लागू द्यायची नसते. सुकवणीच्या कपाटातून ट्रे बाहेर काढला की चाळीस मिनिटांत पाकिटं सील झाली पाहिजेत. उशीर झाला तर लाल चिठ्ठी लावायची आणि अख्खा ट्रे बाद. चौदा वर्षं मी त्या खोलीत घड्याळाकडे बघत उभा आहे. कारखान्यात मला सगळे 'चाळीस' म्हणूनच हाक मारतात.

आठ महिन्यांपूर्वी तू पहिल्यांदा गाठीचं सांगायला फोन केलास तो दिवस आठव. आमच्या खोलीत फोन नेत नाहीत. काचेपलीकडून पहारेकरी खुणा करत होता, बहिणीचा फोन, तिसऱ्यांदा. मी नुकताच ट्रे बाहेर काढला होता. दोन मिनिटांत येतो म्हणून टोपी, मास्क, हातमोजे, झगा सगळं उतरवून बाहेर गेलो, आणि तू रडत होतीस. तू कधी रडत नाहीस, मुंगे. डॉक्टर गोळ्यांवर बघू म्हणालेत हे तू चार वेळा सांगितलंस आणि मी चार वेळा ऐकलं. परत आत शिरलो तेव्हा ट्रे उघडा पडून एक तास पन्नास मिनिटं झाली होती. दिवस दमट होता. तुला दोष देत नाही, तसं मनातही आणू नकोस. पण वहीत मी पस्तीस मिनिटं लिहिली. लाल चिठ्ठी लावली असती तर साहेबांनी विचारलं असतं, कुठे होतास, आणि चाळीस म्हणवणाऱ्याला ते सांगायची लाज वाटली. एवढंच कारण, याहून मोठं काही नाही. धागा दिसायला तसाच होता, ओढून पाहिला तरी तुटला नाही. त्या दिवशी तो तुटत नसतोच, ओल पाकिटात कोंडली गेली की मग महिनोन्महिने आतल्या आत पोखरते. हे मला ठाऊक होतं. तपासणीसाठी कोमट पाण्यात भिजवून बघायचा नमुना दुसऱ्याच ट्रेमधून गेला, आणि मी मूग गिळून बसलो.

मग तुझ्या ऑपरेशनचा दिवस. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सामान आणायला मी खालच्या औषधांच्या खिडकीवर गेलो. आमचा माल इथे येतो, ओळखीचा आहे, म्हणून तर तुला या हॉस्पिटलात आणलं होतं. पिशवीत धाग्याची तीन पाकिटं होती. सवयीने कोपऱ्यातला ट्रेचा आकडा वाचला आणि माझी पाचावर धारण बसली. तोच ट्रे. मी काय केलं असेल? मी म्हणालो, या पाकिटांचे कोपरे दुमडलेत, दुसऱ्या खोक्यातली द्या. खिडकीवरच्या माणसाने कुरकुरत बदलून दिली. एक जुनं पाकीट माझ्या मुठीतच राहिलं, दोन त्याने परत घेतली आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत टाकली. तो माणूस घड्याळं दुरुस्त करतो. रांगेत त्याची जागा धरली म्हणून त्याने माझे आभारही मानले. त्याची बायको म्हणजे तुझी कंडक्टरबाई.

मी बघत होतो, मुंगे. तोंड उघडायला हवं होतं आणि ते उघडलं नाही. तुला आत न्यायला आले होते, मी तुझ्या मागे धावलो, आणि नंतर स्वतःला समजावत राहिलो की काही होणार नाही, दोनच तर पाकिटं. रोज चार वाजता तुला भेटायला येतो तर तुम्हा दोघींची मैत्री रंगात आलेली. ती बसमधल्या उतारूंच्या नकला करते, तू डॉक्टरांच्या चालण्याची, आणि ती पोट धरून हसते. तू म्हणालीस, दादा, तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? मी तिच्या हाताकडे बघत होतो. हसताना ती टाक्यांवर दोन्ही हात दाबून धरते.

मुठीतलं पाकीट मी घरी नेलं होतं. धागा थर्मासमध्ये कोमट पाण्यात बुडवून ठेवला. तापाच्या थर्मामीटरने पाणी मोजायचो, निवलं की बदलायचो, अंगातल्या उबेएवढं राखायचो. चांगला धागा पाच दिवसांनी बोटांना गुंडाळून ओढला तर बोट कापेल, पण तुटणार नाही. आज सकाळी मी तो बाहेर काढला आणि पुरता ओढायच्या आधीच तो भिजलेल्या कागदाच्या पट्टीसारखा हातात आला. स्वयंपाकघरात उभा राहून मी रडलो. मग कपडे बदलून इकडे आलो.

डॉक्टर आत दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. मी मोठ्या नर्सबाईंना गाठून सगळं सांगितलं, ट्रे, वही, खिडकी, सगळं. त्या तशाच आत जाऊन डॉक्टरांचा निरोप घेऊन आल्या: हातातलं आटोपलं की कंडक्टरबाईंना आत घेऊन पोट तपासायचं आणि दुसऱ्या धाग्याने पुन्हा शिवायचं. खिडकीवरची उरलेली पाकिटं त्यांनी माझ्यासमोर उचलायला लावली. कारखान्यात साहेबांना फोन केला. त्यांनी आकडा पुन्हा विचारला, आणि पुन्हा एकदा. त्या ट्रेची दोनशे चाळीस पाकिटं होती. ती कुठे कुठे गेली ते आता शोधतायत. माझं पुढे काय व्हायचं ते होईल. घड्याळवाला या क्षणी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलाय. त्याला अजून काही ठाऊक नाही. डॉक्टरांनी नर्सबाईंकरवी बजावलंय, ते बाहेर येईपर्यंत त्याला एक अक्षर सांगायचं नाही, तो घाबरून आत धावेल आणि ती उठून बसेल. डॉक्टर सांगतील तेव्हा मी शेजारी उभा राहणार आहे. ज्या पेनने हे लिहितोय ते त्यानेच दिलंय.

आता एवढी लांबण का लावली ते सांगतो. डॉक्टरांचं आतलं ऑपरेशन आटोपायला निदान अजून पाऊण तास जाईल. तोवर तिने आडवं पडून राहायचं, खोकायचं नाही, हसायचं नाही. नर्सबाई तुम्हाला दोनदा गप्प राहा म्हणून सांगून गेल्या, कारण खरं काय ते सांगता येत नव्हतं. तू दोन्ही वेळा हो म्हणालीस, आणि दोन्ही वेळा पाठोपाठ तिचं हसणं मला दारातून ऐकू आलं. तुला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. पण वाचताना तू गप्प असतेस, ओळीखाली बोट धरून, अगदी सावकाश. मी इथे दाराकडे कान लावून बसलोय, आणि जन्मात पहिल्यांदा मला तुझा आवाज थांबलेला हवाय. तिने हाक मारली तर बोट ओठांवर ठेव आणि वाचत राहा. पत्र संपलं आणि ती अजून शेजारच्या खाटेवरच असली, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाच.

तुझाच,
बाहेर पहाऱ्यावर बसलेला
दादा