निंबिनच्या जत्रेहून परतताना

प्रिय सीडर,

काल तुझ्या बाबाला घेऊन निंबिनच्या गांजाच्या जत्रेला जाऊन आले. पाठ धरलीय, उशीला टेकून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. त्याला गाडीत चढवणं म्हणजे ओलं पोतं उचलणं झालंय. हातांची थरथर आता पायांत उतरलीय. म्हटलं, मर्व्ह, या वर्षी राहू दे. तर म्हणाला, "गांजाबंदीचा कायदा बदलेपर्यंत मोर्च्यात चालेन असं सांगितलंय लोकांना. तू ढकल, मी चालतो."

ढकलली चाकांची खुर्ची. तो कापडाचा अवाढव्य जॉइंट, गांजाच्या विडीचा पुतळाच, नेहमीसारखा खांद्यांवरून मिरवत निघाला. बाबा धरायचा ते पुढचं टोक शेजारच्या लिस्मोर गावच्या दोन पोरींकडे होतं. "वर धरा गं, प्रेत नाही नेताय!" हा ओरडला आणि त्या खिदळल्या. घोषणा त्याच, तू माझ्या कडेवर असताना द्यायचो त्या. कायदाही जवळजवळ तोच. आपल्या वेळचे चेहरे शोधत होते. जे दिसले ते काठी टेकत, नाहीतर दुकानाच्या पायरीवर बसलेले. टूरिस्ट बाबाचे फोटो काढत होते, तो गावातलं जुनं झाड असावा तसे. मला खरं सांगू, फक्त सावली आणि चहा हवा होता.

परतताना पुलापाशी पोलिसांची नाकाबंदी होती. गाडी चालवणाऱ्याने गांजा ओढलाय का, ते लाळेवरून तपासायची तीच पट्टी. तू वर्दी घालून पहिल्यांदा दारात उभा राहिलास तेव्हा बाबा जे बोलला ते तू विसरला नसशील, मीही नाही. त्यानंतर तू घरी आला नाहीस आणि तो पोलीस दिसला की तोंड फिरवतो. कालही खिडकीबाहेर बघत बसला. मी काही ओढत नाही, पट्टी स्वच्छ निघाली. पण माझ्या लायसन्सवरचं आडनाव वाचून ती पोलीस पोरगी थबकली. "व्हिटलॉक? सीडर व्हिटलॉक तुमचे कोण? आम्हाला ट्रेनिंगला शिकवायला होते."

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाला, "मुलगा आहे माझा." मग, "कसा शिकवतो?"

"कडक आहेत. पण गाडीत म्हातारं माणूस असेल तर खाली वाकून बोला, म्हणतात." ती खरंच वाकून बोलत होती रे.

"ते पोलिसांनी नाही शिकवलं त्याला," बाबा म्हणाला. "ते आमच्या घरचं आहे."

घरच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "नीट जेवतो का गं तो?"

फोनवर तू कामात असतोस, म्हणून हे पत्र. बाबाला आता घास गिळवत नाही. डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा निघणं कठीण. तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद होती. आज सकाळी मात्र आपणहून म्हणाला, "लिही त्याला." काय लिहू विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हा माझ्याच मनाने लिहितेय. रजा मिळाली तर मिळाली, नाही मिळाली तरी ये. मला एकटीला तो आता उचलवत नाही.

दमलेली, तुझीच,
आई