दुसरी गोळी

लीड्स,
३ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. आज वाकायची इच्छा नाही, तरी लिहिते.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पुष्कर मला म्हणाला की बागेत घसरून हात मोडला. तुझ्या सुनेने, ऋजुताने मात्र खरं सांगितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा, कॅन्सर हाडांत उतरलेला माणूस पोटच्या पोराला काठीने मारतो? हाड मोडल्याचा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू आला. वर तू पुष्करचा फोन भिंतीवर आपटलास, नव्या गोळ्या खिडकीबाहेर भिरकावल्यास. ती पोलिसांना बोलावणार होती. पुष्करने हातापाया पडून तिला थांबवलं.

आपल्या आप्पांनी फोडलेल्या तुझ्या पाठीला लहानपणी मी हळद लावली आहे. तू तसा नव्हतास. काय झालं ते लिही. एप्रिलमध्ये माझ्या वरदाचा साखरपुडा आहे, मामा पुढे उभा हवा. नाहीतर तिथे येऊन तुझी गचांडी धरीन.

रागावलेली, तरी तुझीच,
नीना


रीडिंग,
८ मार्च २०२५

चि. नीनास,
अनेक आशीर्वाद.

ऋजुता म्हणाली ते सगळं खरं आहे. डॉक्टरीणबाईंनी मला दोन गोळ्या एकत्र द्यायचं ठरवलं. पहिली कॅन्सरचं खाणं तोडते, दुसरी त्याला स्वतःची डागडुजी करू देत नाही. दोघी मिळून त्याला चांगलं बडवतात. पण दुसरी मला लागू पडते ती एका जन्मजात जनुकदोषामुळे. तो दोष बहिणीत, मुलात असू शकतो, बायकांना त्यामुळे स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा सगळ्यांना सांगा, असं बाईंनी बजावलं.

घरी येताच पुष्कर तुला फोन लावू लागला. माझ्या डोळ्यांपुढे वरदा आली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, एलिशाच्या घरी कळलं तर? पत्रिका नाही पाहिली तरी घराणं बघतातच. ठेव म्हटलं, तो ठेवेना. पहिला फटका मनगटावर बसला. तो किंचाळला, तरी मी दुसरा मारला.

सध्या पहिलीच गोळी घेतोय. दुसरी घेतलीच नाही, तर दोषाचा विषय निघत नाही. साखरपुडा होऊ दे, मग पाहू. तुला खोटं लिहवत नाही. वरदाला सांगू नकोस.

जमल्यास लोभ ठेव.
दादा


लीड्स,
११ मार्च २०२५

ती. दादास,
नमस्कार.

पत्र वाचून मी आप्पांचा फोटो जमिनीवर आपटला. काच पायात घुसली, रक्ताने कार्पेट भरलं. आप्पा कंबरदुखीने गेले असंच आपल्याला सांगत आले ना? तोही कॅन्सरच असणार, लपवलेला. तूही तेच करायला निघालास! माझ्या मुलीच्या साखरपुड्यासाठी तू मरणार, आणि मी त्याचे पेढे वाटायचे?

मी वरदाला सांगितलं. तिने त्याच क्षणी एलिशाला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, की मग मामा गोळी का घेत नाहीत? मी तपासणीसाठी नाव दिलंय, पुष्करलाही द्यायला लाव. आजच्या आज बाईंना फोन कर. दुसरी गोळी घे, नाहीतर साखरपुड्याला येऊ नकोस.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे. तो असा मारून टाकू नकोस.
नीना


रीडिंग,
२७ मे २०२५

चि. नीनास,
आशीर्वाद.

तुझी तपासणी निर्दोष आली, म्हणजे आपल्या घरातून वरदालाही काही गेलेलं नाही. वाचून खूप रडलो. साखरपुड्यात एलिशाचे वडील शेजारी बसून माझी विचारपूस करत होते, तेव्हा लाजेने मान वर होईना.

दुसरी गोळी चालू आहे. ती मला झोडपते. ओकाऱ्या होतात, दोन पायऱ्यांत धाप लागते, एकदा रक्त चढवावं लागलं. तक्रार नाही. मार खायची पाळी आता माझी आहे. बाई म्हणाल्या, रक्तातला कॅन्सरचा आकडा उतरतोय.

काल पुष्करचा निकाल आला. दोष त्याच्यात आहे. जिच्यासाठी मी काठी उचलली तिच्यात तो नव्हताच, ज्याच्यावर उचलली त्याला मी तो जन्मतःच दिला होता. वेळेवर कळलंय, लक्ष ठेवता येईल, असं बाई म्हणतात.

ऋजुता उठली, माझी काठी गुडघ्यावर मोडली आणि कौन्सिलच्या काळ्या कचरापेटीत कोंबली.

काठी नाही, म्हणून आता चालताना पुष्करचा हात धरतो. डावा. उजवा अजून दुखतो त्याचा.

माझ्यासाठी लोभ मागायला तोंड नाही. पुष्करवर असू दे.
दादा