दोन्ही हात घागरीला

२ एप्रिल १९२९

ठरलं! रविवारी बाजारातल्या विहिरीवर पाणी भरायचं. विहीर लोकल बोर्डाची, कागदावर सगळ्यांची. पण आम्हा महारांपैकी कोणी तिच्या कठड्याला शिवलं की गाव पेटतं. बत्तीस जण तयार. शिवाय मांगवाड्यातून एकटाच सहदेव आला. 'मले बी मोजा मास्तर.' मोजला.

अट एकच — मार खायचा, हात उचलायचा नाही. आणि ही अट घालणारा कोण? मागच्या दिवाळीत मेव्हण्याचा दात पाडणारा मी! जमुना इतकी हसली की मला रागच आला. बायको असून!

३ एप्रिल

तालीम घेतली. निम्म्यांनी शिव्या द्यायच्या, धक्के मारायचे. निम्म्यांनी गप उभं राहायचं. तिसऱ्याच शिवीला नत्थुजीनं समोरच्याची गचांडी धरली. झालं कल्याण!

मग सुचलं. प्रत्येकानं डोक्यावर घागर घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची. रिकामा हात उठतोच, मला विचारा.

बायकांची हसून मुरकुंडी वळली. आई मला म्हणाली, 'बाप्पा! बाप्यांच्या डोक्शावर घागरी! काहून रे भगवंता, आता लुगडी बी नेसता काय?' गडी लाजून घागरी खाली ठेवायला लागले. मी ओरडलो — लाज वाटत असेल त्यानं घरी बसावं! कोणी बसलं नाही. आईनं मग स्वतःच एकेकाला चुंबळ करून दिली.

५ एप्रिल

पाटलाचा निरोप — 'मास्तरले म्हणा, लेकराबाळाचा इचार कर.' केला. म्हणूनच जाऊन राहिलो.

७ एप्रिल

पाणी भरलं!!

जाताना नुसत्या शिव्या. परतताना दगड, काठ्या. घागरी फटाफट फुटत होत्या. माझी फुटली अन् हात मोकळे झाले. तेवढ्यात गावातल्या एका पोरगेल्या गड्यानं थोबाडीत दिली. खरं लिहितो, मी त्याला लोळवलाच असता. मूठ वर जातच होती. सहदेव मागून ओरडला, 'मास्तर, हात!' त्याचं डोकं फुटलेलं, डोळ्यात रक्त उतरत होतं, अन् घागर तशीच धरलेली. मी वळलो आणि त्याच्या घागरीला हात लावला. दोघांनी ती त्याच्या घरापर्यंत नेली.

कोणीही हात उचलला नाही. एकानंही नाही! मला रडू आलं.

८ एप्रिल

सहदेवाला ताप भरला. त्याची बायको गंगूबाई सकाळी आमच्या महारवाड्याच्या विहिरीवर आली आणि लांब उभी राहिली. मांगांनी आमच्या विहिरीला शिवायचं नाही. कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. लहानपणापासून बघतोय मी हे. आजवर कधी खटकलं नाही, हे लिहितानाही तोंड कडू होतं.

आई म्हणाली, 'दूर राय माय, मी देते ओतून.'

मी म्हटलं, भरू दे तिला तिच्या हातानं.

आई भडकली, 'गावाच्या हिरीवर गेला, ठीक. आता आपली हीर बाटवतं काय?' बाकीच्या बायाही तिच्या बाजूनं. नत्थुजीसुद्धा! काल गावकरी हेच ओरडत होते.

गंगूबाई रिकामीच परत गेली. मी काही करू शकलो नाही.

९ एप्रिल

रविवारी पुन्हा सत्याग्रह. आमच्याच विहिरीवर. आई म्हणते, अडवायला सर्वांत पुढे ती उभी राहील.