खोकल्यात अडकलेली सोयरीक

ती. ताई,

लांबूनच नमस्कार (हल्ली सगळ्यांशीच लांबून वागायची सवय लागलीय, राग मानू नकोस). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची कवळी नीट बसते ना? मीच बसवलेली, म्हणून विचारायला धीर होत नाही.

तू सुचवलेलं स्थळ फिसकटलं, असं तुझ्या कानावर आलं असेल. ते अर्धंच खरं आहे. त्याचं असं झालं, की आम्हा दातांच्या डॉक्टरांना हवेतून पसरणाऱ्या रोगांवर प्रशिक्षण होतं. हातमोजे, हत्यारांची स्वच्छता यावर आम्ही धडाधड उत्तरं दिली. मग शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, दात कोरताना उडणारा फवारा हवेत किती वेळ तरंगतो? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो, जणू उत्तर कुणाच्या तरी दाढेत अडकलंय. मी इतका धसका घेतला, की रंगाने चिकटून बसलेल्या दवाखान्याच्या खिडक्या पेचकस घालून उघडल्या आणि चेहऱ्याला घट्ट बसणारे मास्क आणले.

दुसऱ्याच सकाळी एक भारदस्त गृहस्थ आले. दाढ दुखते म्हणाले आणि आ करायच्या आधीच खोकले.

"खोकला कधीपासून?"

"झाले बरेच आठवडे. पण मी दाढेसाठी आलोय."

"वजन उतरलंय? रात्री घाम येतो?"

"तुम्ही दातांचेच डॉक्टर ना?"

मी त्यांना मास्क दिला, बाहेर व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, आधी छाती तपासून घ्या, दाढेचं मग बघू. ते उठले. "मुलीसाठी तुम्हाला बघायला आलो होतो. बघितलं," म्हणाले आणि गेले. (दाढ दुखतच नव्हती.)

ताई, बरोबर वागलो होतो, पण बरोबर वागून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. परवा त्या मुलीचा फोन आला. "बाबांना टीबी निघाला, पण लवकर कळलं. औषधं सुरू झालीत. घरातल्या बाकीच्यांनाही तपासलं, सगळे ठीक आहोत. बाबा तुमच्यावर अजून चिडलेत. मी नाही."

यावर एखाद्याने काहीतरी गोड बोलावं. मी विचारलं, "तुम्हाला खोकला नाही ना?" ती बराच वेळ हसत होती.

तुझा,
धाकटा

ता.क. रविवारी ती भेटायला येतेय. तूही ये. नाहीतर माझ्या तोंडून पुढचा प्रश्न घामाबद्दल निघेल.

ता.क. आणखी एक. तिच्या वडिलांना मास्कमुळे माझे फक्त डोळे दिसले, म्हणून ती तुझ्याकडे फोटो मागेल. तुझ्या लग्नातला मुळीच पाठवू नकोस. त्यात मी मनापासून हसतोय आणि माझी किडलेली दाढ स्पष्ट दिसते.