हुपरीचा नवा टाक

४ मे, कोल्हापूर
ही वही गोव्यात घेतली आणि बॅगेतच राहिली. लिहायचं म्हटलं की काहीतरी आडवं येतं. कधी समुद्र, कधी मित्र, बाकी आळस. दहावी दोनदा बसून सोडलेला माणूस मी, शुद्धलेखन कुणी बघू नये.

आज हंबीरकाका स्वतः मला न्यायला स्टँडवर! आजवर या घरात मी शेवटच्या पंगतीचा पाहुणा. आज तानाबाई काकीनं पायावर पाणी घातलं, रस्सा दोनदा वाढला. चुलतभाऊ सम्राटचं लग्न पुढच्या आठवड्यात. त्याआधी घराण्यातल्या वीरांना अक्षत द्यायला गाडीनं जायचं. वीर म्हणजे आमच्यातले बिनलग्नाचे गेलेले पुरुष. देवघरात त्यांचे चांदीचे टाक पुजतात. आमचा इतिहास मला कधी कुणी सांगितलाच नव्हता. काका म्हणाले, “गड्या, तूच न्हाईस तर मग काय उपेग?” छाती फुगली की राव.

५ मे, हुपरी
टाक उजळायला इथं थांबलो. बायका पैंजणाला घुंगरं जोडत होत्या, तेच बघत बसलो. मग कारागीर माझ्याकडं निरखून बघत काकांना म्हणाला, “मालक, मिशी काढू का?” काका म्हणाले, “ह्याला कुठं हाय मिशी!” सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या हातातला चांदीचा पत्रा नवा होता. कुणाचा विचारलं तर काकी म्हणाली, एक जास्तीचा असावा.

६ मे, गडहिंग्लजच्या अलीकडं
भावकीतल्या आकारामआबांच्या मळ्यात मुक्काम. विहिरीच्या काठावर वीरांचे दगड, शेंदूर लावलेले. आबांनी तंबाखू मळत सांगितलं. माझ्या आज्ज्याच्या लग्नाआधी त्याचा भाऊ ह्याच विहिरीत गेला. हंबीरकाकांच्या हळदीआधी त्यांचे धाकटे भाऊ नृसिंहकाका, तेही इथंच. प्रत्येक पिढीत एकजण मागं राहतो, तेव्हा दुसऱ्याचं घर भरतं. मग माझ्याकडं हनुवटी करून, “ह्योच न्हवं?” काका म्हणाले, “आबा, च्या घ्या.”
सम्राट मोबाईलमध्ये बघत राहिला. त्याचा शिरोलीत कारखाना आहे. माझ्याकडं धड पत्ताही नाही. हिशोब सरळ आहे.
शेवटचा दगड नुसता धुतलेला. कोरा.

७ मे
गाडीतला डबा उघडला. नवा टाक. मिशी नाही. डाव्या भुवईत चीर – क्रिकेटच्या बॉलची – माझी.
काकी मागं उभी होती. ओरडली नाही. पदरानं टाक पुसला. मग त्याच पदरानं माझं तोंड.
निघतो म्हणालो. काकांनी मोबाईल चार्जिंगला म्हणून घेतला, तो दिलाच नाही. चालत रस्त्यावर गेलो. वडापच्या जीपला हात केला. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या पाया पडला, आणि मला न घेताच गेला. एका बाईनं लेकरू आणून माझ्या पायावर घातलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढा मान, आणि तो असला.
मळ्यातली माणसं येऊन घेऊन गेली. प्रेमानं. दंडाला धरून.

८ मे, दुपार
अंघोळ घातली. हळद सम्राटच्या आधी मला. तो लावताना रडला. म्हणाला, “माफ कर भावा.” म्हणालो, मग नको करू की लग्न. तर म्हणाला, हॉल बुक हाय.

दाराला बाहेरून कडी. विहिरीवर हलगी –

गाडी थांबली. बाईचा आवाज.
आई! आई आलीय! तिला कुणी सांगितलं – कोण का सांगेना, आली. आता बघतो ह्यांच्याकडं. आई, इकडं, खोलीत –
रडत नाहीय ती. काकीला विचारतेय, “पुरणाचं केलंय, त्याला आवडतंय. निवद आधी टाकाला दाखवायचा, का आधी –”
कडी निघा