दंडावरची तुळस

नेकनूर,
५ जानेवारी १९७३

प्रिय त्रिंबक,

तुझं लग्न ठरल्याचं कार्ड पोचलं. राधाकिशन गुरुजींच्या घरची मुलगी सून म्हणून येणार, तेव्हा मायने सगळी अंबाजोगाई डोक्यावर घेतली असेल. मला फार आनंद झाला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी चिडणार आहे आणि मग ते राहून जाईल.

इकडे विहिरीने तळ दाखवला. टँकर दिवसाआड येतो. मी आणि जाऊबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो, तिथे खायला सुकडी मिळते, ती पोरं खातात. दूध संस्थेत पूर्वी सहा कॅन भरायचे, आता एक भरता भरत नाही. तरी सकाळी तिथे गर्दी दुप्पट. कारण भिंतीवर दूध संघाचं नवं कॅलेंडर लागलंय. बाई विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यात उभी आहे. वासराचं दावं पायांत गुंतलंय, पदर वाऱ्यावर गेलाय आणि तो धरायला तिने एक हात वर केलाय. चोळीला बाह्या नाहीत. पातळ पोटरीपर्यंत भिजलेलं, आणि तोंडाचा असा चंबू की, अगं बाई, आता काय करू. धोंडीराममामा पावशेर दूध घालायला येतात आणि अर्धा तास हलत नाहीत. कुणी टोकलं तर म्हणतात, "म्या पाणी बघतोय बे. येवढं पाणी कवा बघितलंस तू?" ते अगदीच खोटं नाही. मीही आधी पाणीच पाहिलं.

चित्र तुझं आहे हे कोपऱ्यातली ती खोट्या नावाची सही न वाचताच कळलं. आठवतं, रद्दीतून विलायती बायकांची जुनी कॅलेंडरं आणून तू कडब्यात लपवली होतीस? मला सापडली तेव्हा मी तुझा कान पिळला, आणि मग तुझ्याच शेजारी बसून सगळी पाहिली. एकीचा झगा कुंपणाला अडकलेला, दुसरीच्या पायाला कुत्र्याची साखळी. तू मला समजावलंस, "आक्का, ही बाई चावट न्हाई. वारा चावट हाय." तेव्हा मी हसले होते. आता रिकामी घागर घेऊन त्या भिंतीपुढे उभी राहते तेव्हा पटतं. फजिती झाली तरी ती स्वतःवर हसतेय, आणि कशी भरलेली आहे. या साली आमच्यात एकीच्याही अंगावर एवढं मांस नाही. म्हणून बायकाही बघतात, नावं ठेवत नाहीत. मलाही वाटलं, आपल्याला कुणी एकदा तरी असं रंगवावं. थोरल्या बहिणीने भावाला असं लिहू नये, पण लिहिलं.

मग तिचा वर केलेला हात पाहिला. दंडावर तुळस गोंदलेली, आणि डावीकडचं एक पान वृंदावनाच्या खाली घसरलेलं. गोंदणारीण बसली होती तेव्हा तू, तीन वर्षांचा, मला उचल म्हणून हात ओढलास आणि तिची सुई सरकली. पुढे दोन वर्षं तू माझ्या कडेवर होतास, तुझे डोळे बरोबर त्या दंडाशी यायचे. चित्राचं तोंड तू विलायती बाईचं घेतलंस, पाय कुणाचे ते तुझं तुला ठाऊक, पण बाईचा हात म्हटलं की तुला माझाच येतो. या गोष्टीचा राग धरता येत नाही, आणि तरी येतो.

ती तुळस बाहीखाली झाकलेली असते. माहेरची माणसं सोडली तर ती फक्त तुझ्या दाजींनी पाहिली आहे. ते संस्थेचे सचिव, कॅलेंडर त्यांनीच खिळ्याला लावलं. चौथ्या दिवशी घरी आले, जेवले नाहीत, माझी बाही वर सारून पाहिलं आणि विचारलं, "कुणापुढं बसलीस?" श्रावणापासून मायच्या दुखण्यात मी दोन महिने तिकडे होते, तेव्हाच कुणा चित्रकारापुढे बसले असं त्यांनी जुळवलं. मी कुणापुढे बसले नाही म्हटलं, तर म्हणाले, "मंग त्याला कसं ठावं?" याला उत्तर एकच, तुझं नाव. पण तू कॅलेंडरवरच्या बायका रंगवतोस हे लपवून, पुण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर आहेस असं आपण माझ्या लग्नात या घरी सांगितलं, आणि तेच आता गुरुजींना. गुरुजी आरशालासुद्धा पडदा लावणारे. त्यांच्या कानावर गेलं तर तुझं लग्न मोडेल. म्हणून मी गप्प बसले. आज अकरा दिवस झाले. उतरवलं तर लोक कारण विचारतील, म्हणून कॅलेंडर तिथेच आहे. दाजी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, उठून स्वतः रांजणातलं घेतात. सासूबाई विचारतात, "कावून बोलंना गेलाय गं त्यो?" त्यांना मी काय सांगू?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते मला माहेरी सोडणार आहेत. परत न्यायला कधी येणार, हे बोलले नाहीत. पोरं इथेच राहणार. म्हणून हे पत्र. तू त्यांना लिहू नकोस, मी लिहवून घेतलं म्हणतील. तू संक्रांतीच्या आत इथे ये, कागद-पेन्सिल घेऊन आमच्या ओसरीवर त्यांच्यासमोर बस आणि आठवणीतून माझा हात काढ. मी तेवढा वेळ शेजारच्या मुक्ताबाईंकडे जाऊन बसेन. घसरलेल्या पानासकट तो तुझ्या हातून उतरला की त्यांना विचारायला काही उरणार नाही. गुरुजींना काय आणि कसं सांगायचं ते तू ठरव, पण तूच सांग. तू आला नाहीस तरी मी तुझं नाव घेणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणूनच ये.

तुझीच,
सत्यभामाआक्का